कुत्र्याच्या जंताचा तो मेसेज पुढं पाठवायच्या आधी हे वाचा

जालना-परभणीकडच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लई फिरायलाय. कुत्र्यानं चाटलं की त्याच्या हृदयातले जंत माणसाच्या फुफ्फुसात जातात, तिथं वाढून रक्तात पिल्लं सोडतात, म्हणून रात्री रक्त तपासा, आयव्हरमेक्टिन ही जंतावरची गोळी घ्या आन् कुत्रं घरातून काढा. मी लॅबमधे काम करतो, आन् हे वाचून लोक खरंच पाळलेली कुत्री सोडून द्यायलेत म्हणून लिहितो.

चाटण्यानं हा जंत लागत नाही. त्याचं नाव डायरोफिलारिया इमिटिस, आन् तो पसरतो डासानं. बाधित कुत्र्याला चावलेल्या डासाच्या पोटात त्याची पिल्लं गरम हवेत साधारण 2 आठवड्यांत तयार होतात, मग तो डास माणसाला चावला तर जंत माणसात येतो. कुत्रं हाकलून डास जात नाहीत, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही म्हणून भरून ठेवलेले ड्रम झाका.

फुफ्फुसात वाढतो हेही चूक. कुत्र्यात मादी 25-30 सेंमी होते, माणसात मात्र जंत बहुतेक वेळा पूर्ण वाढायच्या आधीच मरतो आन् फुफ्फुसाच्या बारीक रक्तवाहिनीत अडकतो, तिथला रक्तपुरवठा बंद पडून 1 ते 3 सेंमीची गाठ होते. बऱ्याच जणांना काहीच त्रास नसतो, दुसऱ्याच कारणानं काढलेल्या एक्स-रेत गोल डाग दिसतो.

आता रक्ताचं. रात्रीचं रक्त घेतात ते हत्तीरोगासाठी, नांदेड, लातूर, धाराशिवच्या लोकांना ते माहीत हाय, मेसेजवाल्यानं तेच इथं चिकटवलं. या जंताची पिल्लं माणसाच्या रक्तात सहसा सापडतच नाहीत. कुत्र्यांच्या रक्ततपासणीची किट पकडते वाढलेल्या मादीचा अंश, ती माणसाला उपयोगाची नाही. इओसिनोफिल (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढले म्हणावं तर ते दम्यानं, ॲलर्जीनं, पोटातल्या जंतानंही वाढतात, आन् या आजारात बहुतेकांचे वाढतही नाहीत. सीटीत गाठ दिसते, पण ती कशाची ते कळत नाही, सुईनं घेतलेला तुकडाही बऱ्याचदा अपुरा पडतो. खरं उत्तर मिळतं ते गाठ काढून तिचे काप मायक्रोस्कोपखाली बघितल्यावर, मेलेल्या भागाच्या मधोमध रक्तवाहिनीत जंताचे आडवे काप, त्याचं जाड थराथराचं आवरण दिसतं तेव्हा.

आन् म्हणूनच गोळ्यांचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. मेलेल्या जंताला आयव्हरमेक्टिन काय करणार? गाठ पूर्ण काढली की सहसा वेगळं औषधच लागत नाही. पण आपल्याकडं असा डाग टीबीचा असायची शक्यता कितीतरी जास्त, विडी-सिगारेट ओढणाऱ्यात कॅन्सरचीही, आन् माणूस जंत समजून गोळ्या घेत महिनोन्महिने घरी बसला तर तेवढा वेळ आजाराला मिळतो. डाग दिसला की थुंकीची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात फुकट होते, आन् छातीच्या डॉक्टरकडं जाताना जुना एक्स-रे असंल तर सोबत न्या, डाग वाढलाय की तसाच हाय हे त्यावरून पटकन कळतं.