खांदेरीची लढाई इंग्रजांनी खरंच पुसून टाकली?

व्हॉट्सअॅपवर ती पोस्ट पुन्हा फिरू लागली आहे. ‘1679 साली खांदेरीच्या समुद्रात शिवरायांच्या आरमारानं इंग्रजांची सगळी जहाजं बुडवली. लाज झाकायला इंग्रजांनी ही लढाई कागदोपत्री पुसली. उरलंसुरलं लंडनला कुलपात आहे.’ तीन वाक्यं, तिन्ही चुकीची.

आधी ‘पुसली’ घेऊ. खांदेरी हे मुंबईजवळचं, अलिबागसमोरचं बेट. तिथल्या लढाईची बारीकसारीक हकिगत आपल्याला मुख्यतः इंग्रजांच्या पत्रांतूनच कळते. ईस्ट इंडिया कंपनी व्यापारी. तिच्या मुंबईच्या साहेबांनी सुरतेच्या वखारीला आणि सुरतेच्या साहेबांनी लंडनला दारूगोळ्याचा, पगाराचा, बुडालेल्या पैशाचा जाब द्यायचा, त्यामुळे स्वतःची फजितीही लिहावीच लागे. शिवरायांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर तट बांधत होता आणि ते काम थांबवायला इंग्रजांनी गलबतं पाठवली. 19 सप्टेंबरला लेफ्टनंट थॉर्प दारूच्या नशेत, हुकूम मोडून बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. सोबतचेही काही मेले, काही पकडले गेले. लपवायचंच असतं तर हा कागद सगळ्यात आधी फाडला असता ना?

‘सगळी जहाजं बुडवली’ हेही नाही. 18 ऑक्टोबरला मराठी आरमाराचा सरदार दौलतखान मोठा काफिला घेऊन इंग्रजांच्या आठ गलबतांवर चालून आला. ‘डव्ह’ नावाची गुराब (शिडांचं लढाऊ जहाज) मराठ्यांनी पकडली, बाकीची बहुतेक गलबतं पळाली. पण कॅप्टन मिंचिन आणि केग्विन यांची ‘रिव्हेंज’ एकटी तोफा डागत उभी राहिली आणि मराठी काफिल्याला माघार घ्यावी लागली. (या तारखा इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या कॅलेंडरच्या. आजच्या हिशेबानं दहा दिवस पुढे.)

माझ्या मते मराठ्यांची खरी कमाई या एका दिवसात नव्हतीच. पहारा असतानाही रात्रीच्या अंधारात लहान, चपळ होड्या बेटावर रसद पोचवत राहिल्या. इंग्रजांची जड जहाजं त्यांना गाठू शकत नव्हती, आणि ही चिडचिड त्यांच्याच पत्रांत वाचायला मिळते. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी इंग्रजांच्या मदतीला आला, 1680 च्या जानेवारीत त्यानं शेजारचं उंदेरी बेट बळकावलं. तरी इंग्रजांना शेवटी तहच करावा लागला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. एवढं खरं हाती असताना बुडालेल्या जहाजांची भर कशाला?

राहिलं लंडनचं कुलूप. तिथली कंपनीची दफ्तरं ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि वाचकांना खुली आहेत. सुरत आणि मुंबईच्या वखारींची जुनी दफ्तरं तर आपल्या काळा घोड्यालाच, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. तिथवर जाणंही जड वाटत असेल, तर शिवाजी महाराजांविषयीचा हा इंग्रजी पत्रव्यवहार पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानं 1931 सालीच छापून ठेवला आहे.