खुलासा : एका पाइपात तीन सर्किट्स असली तर अर्थिंगची वायर केवढी?

‘एका पाइपातून तीन सर्किट्स नेली, तर तिन्ही एमसीबींच्या ॲम्पियरची बेरीज करून अर्थिंगची वायर घ्या,’ असा संदेश फिरतोय. (एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा, म्हणजे बंद होणारा स्विच.) हे चूक आहे.

अर्थिंगच्या वायरमधून रोजचा करंट वाहत नाही. दोष झाला तरच वाहतो, तोही एमसीबी पडेपर्यंत. तीनही सर्किट्सना एकच अर्थ वायर चालते. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या नियमानुसार ती सर्वांत जाड फेजवरून ठरते : फेज १६ चौरस मिमीपर्यंत असेल तर तेवढीच, त्याच धातूची.

खरी काळजी फेज आणि न्यूट्रलची करा, कारण पाइपात त्या एकमेकींना तापवतात. भिंतीवरच्या पाइपात, ३० अंश तापमानाला, पीव्हीसी आवरणाची २.५ चौरस मिमी तांब्याची वायर पाइपात एकच सर्किट असताना २४ ॲम्पियर पेलते. तीन सर्किट्स एकत्र भरली की या क्षमतेला ०.७० ने गुणायचं, म्हणजे उरले १६.८. वर २० ॲम्पियरचा एमसीबी असेल, तर १६.८ ते २० मधल्या करंटला वायर तापत राहील आणि एमसीबी पडणारच नाही! अशा पाइपातून ओढून काढलेली जुनी वायर वाकवून पाहा, आवरण कडक होऊन तडकतं. इथे ४ चौरस मिमी घ्या : ३२ चे २२.४ होतात. मग अर्थही ४ चीच.