ट्रे जंकिन: बिघडलेले दोन स्नॅप आणि त्याआधीचे 19 हंगाम

आपली प्रतिक्रिया परखड आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, त्याबद्दल आभार. ज्याच्या एका चुकीने न्यूयॉर्क जायंट्स हा अमेरिकन फुटबॉल संघ प्लेऑफमधून (बाद फेरीतून) बाहेर पडला त्या ट्रे जंकिनचे माझ्या लेखात एवढे कौतुक कशासाठी, असा आपला प्रश्न आहे. शिवाय मी सोयीचे तेवढेच सांगितले, असाही आक्षेप आहे.

दुसरा आक्षेप मान्य. सॅन फ्रान्सिस्कोत 5 जानेवारी 2003 रोजी झालेल्या त्या सामन्यात जंकिनचे एक नव्हे, दोन स्नॅप (किकसाठी चेंडू मागे फेकणे) बिघडले होते. अखेरच्या स्नॅपच्या काही मिनिटे आधीचा पहिला मी गाळला, तो गाळायला नको होता.

‘चेंडू मागे फेकण्याचे तर काम’ हे आपले वाक्य मात्र पटत नाही. लाँग स्नॅपर, म्हणजे किकसाठी चेंडू मागे देणारा जंकिनसारखा खेळाडू, ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू भिरकावतो. फील्ड गोलसाठी (किक मारून चेंडू गोलखांबांमधून घालवण्यासाठी) सात-आठ यार्ड, पंटसाठी (चेंडू दूर प्रतिस्पर्ध्याकडे लाथाडण्यासाठी) जवळपास 15. फील्ड गोलच्या वेळी होल्डर तो झेलून जमिनीवर उभा धरतो आणि शिवण किकरपासून पलीकडे फिरवतो, आणि तेवढ्यात किकर धावत आलेलाही असतो. चेंडू वीतभर खाली आला तरी सगळ्यांचा ताल चुकतो.

1983 मध्ये नवोदित खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्ट) बफेलो संघाने चौथ्या फेरीत निवडलेला हा लाइनबॅकर (बचाव फळीतला खेळाडू) पुढे मुख्यतः याच कामाच्या बळावर 19 हंगाम आणि 280 हून अधिक सामने टिकला. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये दयेपोटी कोणी कोणाला ठेवून घेत नाही. (त्याचा धाकटा भाऊ माइक 1987 मध्ये पहिल्याच फेरीत, पाचव्या क्रमांकावर निवडला गेला होता; त्याची कारकीर्द तीन हंगामांत आटोपली.) निवृत्त झालेल्या ट्रेला जायंट्सने त्या सामन्याच्याच आठवड्यात बोलावून घेतले, तेव्हा तो 42 वर्षांचा व्हायला आला होता.

आता त्या पराभवाविषयी. तिसऱ्या सत्रात 38-14 अशी असलेली जायंट्सची आघाडी 39-38 अशा पराभवापर्यंत घसरली, त्या घसरगुंडीला एकटा स्नॅपर जबाबदार नव्हता. सहा सेकंद उरले असताना 41 यार्डांच्या किकसाठीचा स्नॅप बिघडला, होल्डर मॅट ॲलनने चेंडू उचलून पुढे फेकला आणि तो घ्यायला निघालेल्या रिच सुबर्टला प्रतिस्पर्ध्याने खाली ओढले. तो नियमभंग पंचांनी द्यायला हवा होता आणि डाव पुन्हा खेळवायला हवा होता, हे लीगने दुसऱ्या दिवशी कबूल केले.

याने जंकिन निर्दोष ठरत नाही, आणि तशी सवलत त्यानेही मागितली नाही. सामना संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये पत्रकारांसमोर उभे राहून त्याने दोष स्वतःकडे घेतला.