एवढे मार्क पडून मातीत?

माहेरी आलेय आणि डोकं फिरलंय. भाच्याला दहावीला ७८ टक्के पडले, तो म्हणतोय कृषी तंत्र विद्यालयात जातो, तर पेढे खायला आलेले पाहुणे त्याच्या तोंडावर म्हणाले, "एवढे मार्क पडून मातीतच जायचं व्हय रं?" पोरगं गप आत निघून गेलं.

आमची द्राक्षबाग आहे. एका साली गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, पाऊस लागून राहिला, डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं आबांनी घाईत बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं औषध, मारलं, चुना जुना, पोतं उघडं राहिलेलं. कोवळी पानं भाजल्यासारखी झाली. तीस वर्षं बाग केलेला माणूस, बांधावर नुसता बसून होता. मग गावातलाच एक पोरगा आला, कृषी पदविका केलेला, वीस वर्षांचासुद्धा नसेल. त्याच पोत्यातला चुना घेऊन बादलीभर बोर्डो बनवायला लावलं आणि त्यात लोखंडी खिळा बुडवला. बाहेर काढला तर तांबूस. "काका, चुना कमी पडतोय, मोरचूद मोकळं राहतंय, त्यानंच पानं भाजली."

एक खिळा हो! आबांना कुणी दाखवलाच नव्हता. दुकानदार पुडा देतो, माप सांगतो, पुढं तुमचं नशीब. वायरमन व्हायचं तर आयटीआय लागतं हे सगळ्यांना पटतं, आणि बागेत कर्ज काढून पैसा घालणाऱ्या पोरानं मात्र बापाचं बघून शिकायचं? बापालाच माहीत नसेल तर?

कृषी तंत्र विद्यालयात दोन वर्षांचा कोर्स, मराठीतून, दहावीनंतर लगेच. डॉ. कलबाग या शास्त्रज्ञांनी तर १९८३ला पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला, तिथं पोरं शेतीबरोबर वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम हातानं करून शिकतात. चाळीस वर्षं होऊन गेली आणि आपण अजून "नापास झालास तर शेती कर" वरच.

हो, काही ठिकाणी प्रात्यक्षिक वहीतच होतं, मान्य. भाव पडला तर डिप्लोमा काय करणार, तेही मान्य. पण म्हणून पानं जाळून घ्यायची?

खरं सांगू, राग नुसता पाहुण्यांचा नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मीच म्हणाले होते, शेतकरी नको. आबा तेव्हा काही बोलले नाहीत. आज त्या पोराची मान खाली गेलेली बघितली आणि ते आठवलं.

आत्ता आबा त्याला घेऊन बागेत गेलेत. फॉर्म भरायचाच आहे. सांगली-कोल्हापूरकडं कुठल्या विद्यालयाची स्वतःची जमीन आहे, पोरांना खरंच शेतात उतरवतात, हॉस्टेल बरं आहे, कुणाचं पोरगं शिकत असेल तर कमेंटमध्ये सांगा.