मेंडेल यांचे आकडे: एका आक्षेपाला उत्तर

आपला आक्षेप असा, की वाटाण्यांवरील लेखात मी आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या ग्रेगोर मेंडेल यांच्या आकड्यांना ‘चोख’ म्हटले आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये ते बनावट ठरवल्याचे वाचकांपासून लपवले. फिशर यांचा उल्लेख राहून गेला, ही चूक मला मान्य आहे. ‘बनावट ठरवले’ हे मात्र मान्य नाही.

फिशर यांचा सर्वांत वजनदार मुद्दा आपण सांगितलेला नाही, तो मीच मांडतो. प्रभावी गुण (संकरातही जो वरचढ ठरून दिसतो तो) दाखवणारे झाड शुद्ध, म्हणजे फक्त तोच गुण पुढे देणारे, की संकरित, म्हणजे दुसरा गुणही दडवून असलेले, हे पाहण्यासाठी मेंडेल त्याचे दहा दाणे पेरत आणि दहाही रोपांत तोच गुण उतरला तर झाड शुद्ध धरत. पण संकरित झाडाचीही दहाच्या दहा रोपे योगायोगाने तशी निघण्याची शक्यता सुमारे ५.६ टक्के असते. अशा ६०० झाडांत दोनास एक या अपेक्षित प्रमाणाने ४०० संकरित असतात; त्यांतली ५.६ टक्के चुकून शुद्ध धरली गेली, तर संकरित म्हणून नोंद व्हायला हवी होती ती साधारण ३७७ झाडांची. मेंडेल यांच्याकडे मात्र ती ३९९, दोनास एक या प्रमाणाला अगदी चिकटून आहे. त्यांनी दहापेक्षा जास्त दाणे पेरले असावेत, हा काही अभ्यासकांचा बचाव मला ओढूनताणून आणलेला वाटतो.

तरीही हे आकडे ज्यात आहेत त्या मेंडेल यांच्या १८६६ च्या निबंधातच शेंगांच्या रंगाचा प्रयोग पाहावा. शंभर झाडांत ६० संकरित आणि ४० शुद्ध निघाली, हे प्रमाण मेंडेल यांना खटकले, म्हणून त्यांनी प्रयोग पुन्हा केला, ६५ आणि ३५ आले, आणि त्यांनी दोन्ही निकाल छापले. एका झाडावर ४३ गोल आणि अवघे २ सुरकुतलेले दाणे, तर दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले, हेही त्यांनीच नोंदवले आहे. अपेक्षित प्रमाण तीनास एक असताना आकडे खोलीत बसून रचणारा माणूस १४ ला १५ कशाला लिहील?

खुद्द फिशर यांचा संशयही मेंडेल यांच्यापेक्षा एखाद्या मदतनिसावर होता. मला त्याहून साधे कारण पटते: अर्धवट सुरकुतलेला दाणा कोणत्या ढिगात टाकायचा, हे ठरवताना अपेक्षित प्रमाण डोक्यात असले की हात नकळत तिकडे वळतो. प्रत्यक्ष आकडे अपेक्षित प्रमाणाशी कितपत जुळतात हे तपासणारी काई-वर्ग कसोटी संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडली. मेंडेल १८८४ मध्येच वारले होते; म्हणजे आपले आकडे असे तपासून पाहण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते.

मूळ लेखातील ‘चोख’ हा शब्द मी काढत आहे आणि ३९९ चा हिशेब त्याच परिच्छेदात जोडत आहे.