टेम्पो केवढ्याला पडला?

मी टेम्पोवाला नाही. हे वाक्य मी गेल्या रविवारपासून इतक्या वेळा म्हटलंय की आता घरात कुणी मान वर करूनही बघत नाही. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. गठ्ठे ट्रान्सपोर्टला पोचवायला दर वेळी भाड्याची गाडी शोधायचा कंटाळा आला, म्हणून चार दारांची बोलेरो कॅम्पर घेतली. पुढं पाच माणसं, मागं हौदा, हौद्यात एक टन माल. आठवडाभर टॉवेल, रविवारी आम्ही. कर्ज झालं, पासिंग झालं, तुळजापूरला जाऊन हार-नारळ झाला. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

मग ‘जरा बरं दिसेल असं’ काहीतरी बसवून घ्यावं म्हणून मी सात रस्त्याजवळच्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो.

दुकानाच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक आप्पा बसले होते. धोतर, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी कडक भाकरीची चवड. मालक म्हणावं तर गल्ल्यावर दुसराच माणूस होता. गिऱ्हाईक म्हणावं तर त्यांच्याकडे गाडी नव्हती. पण मी इंजिन बंद करायच्या आत ते उठले, गाडीला एक पूर्ण फेरी मारली, टायरवर चपलेनं एक ठोसा दिला आणि विचारलं,

“टेम्पो केवढ्याला पडला?”

“टेम्पो नाही हा. पिकअप आहे.”

“तेच की. केवढ्याला?”

नव्या वस्तूची खरी किंमत अनोळखी माणसाला सांगू नये, असं आमच्या घरचं वळण आहे. मी पन्नास हजार कमी करून सांगितली. आप्पांनी डोळे मिटून मान हलवली. “फसलाव.” पन्नास हजार वाढवून सांगितले असते तरी ते हेच म्हणाले असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता या टेम्पो-पिकअपचं मला एवढं का लागतं, तेही सांगतो. माझा एक भाचा टेक्सासात असतो. त्याच्याकडे टोयोटाची टकोमा आहे. तिथं तिला ‘मध्यम’ पिकअप म्हणतात. लांबी 5.4 मीटर. आमच्या कन्ना चौकाच्या बाजूच्या बोळांत ती शिरली तर तिला बाहेर काढायला क्रेन लागेल. भाचा तिचे फोटो पाठवतो. हौदा असा लखलखीत की त्यात पंगत बसवावी. त्यात त्यानं आजवर काय वाहिलंय, असं विचारलं तर एकदा म्हणे नाताळचं झाड आणलं होतं. तिकडे माणूस मोकळा हौदा मिरवतो आणि शेजारी त्याला मान देतात. आपल्याकडेही 2016 साली इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स आली, आणि त्यांच्या मालकांना कुणी टेम्पोवाला म्हणत नाही. का? तर त्या खासगीत पास होतात, पांढरी पाटी मिळते. माझी पाटी पिवळी, त्यावर काळे आकडे. त्यांच्या आणि माझ्या गाडीत फरक आहे तो किमतीचा, आणि तो फार मोठा आहे, हे मान्य. पण हौदा त्यांनाही आहे आणि मलाही आहे! पिवळी पाटी म्हणजे पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, त्यानंतर दर वर्षी. खासगी मोटारीची नोंदणी एकदा झाली की 15 वर्षं तिला कुणी ‘बरी आहेस का’ म्हणून विचारत नाही. मी मात्र आरटीओच्या रांगेत ब्रेक तपासून घेणार. असो. आप्पांकडे वळू.

आप्पांनी फाळका उघडला. म्हणजे खिटी काढली आणि सोडून दिला. धडाम! दुकानातली पोरं दचकली, मी कळवळलो. आप्पा म्हणाले, “आवाज बराय.” मग धोतर सावरून खाली वाकले, मागचे स्प्रिंगचे पाटे बोटांनी मोजले आणि दुकानातल्या पोराला हुकूम सोडला, “पाटे कमी हायत याला. अन् पुढं गार्ड बसीव.”

“बंपरपुढं तो लोखंडी गार्ड नको,” मी म्हणालो. “बंदी आहे. 2017 च्या डिसेंबरात केंद्रानं सगळ्या राज्यांना पत्र पाठवलंय. गार्ड असला की धडकेचा सगळा दणका थेट चासीवर जातो, आणि समोरच्या चालत्या माणसाचं काय होतं ते तर विचारूच नका.”

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हैस आडवी आली तर?”

“म्हणजे?”

“म्हशीला पत्र गेलंय का?”

दुकानातली पोरं हसली. मला राग आला. मी कायद्यावर उतरलो. म्हणालो, आप्पा, मोटार वाहन कायद्यात 2019 ला दुरुस्ती झालीय. परवानगी नसलेला बदल मालकानं गाडीत केला, तर दर बदलाला 5000 रुपये दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही.

“पाच हजार?” आप्पा पोराकडे वळले. “गार्ड कितीला रे?”

“साडेपाच.”

“मग दंडच स्वस्त हाय की.”

यावर काय बोलणार? मी सीट कव्हरचे नमुने बघायला लागलो. तोवर आप्पा काचेपाशी पोचले होते. काळी फिल्म. मी सांगितलं, 2012 साली सुप्रीम कोर्टानं फिल्म बंद केली. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, बाजूच्या काचांतून 50.

“सुप्रीम कोर्ट कुठं हाय?”

“दिल्लीत.”

“मे महिन्यात त्यांला सुट्टी असती का नाही?”

“असते.”

“अन् आपल्याला?”

इथं मात्र मी मनातून आप्पांच्या बाजूला गेलो. मे महिन्यात दुपारी दोन वाजता होटगी रोडला उभ्या केलेल्या गाडीत परत बसून बघा. पारा त्रेचाळीसच्या पुढं, स्टिअरिंगला हात लावायचा तर आधी त्यावर ओला टॉवेल टाकावा लागतो. टॉवेल माझ्याकडे मुबलक आहेत, सोलापुरी टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकनही आहे. पण ते मानांकन अंगाला घाम आल्यावर कामाला येतं, घाम येऊ नये म्हणून नाही. तरीही फिल्म मी लावली नाही, आणि आप्पांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते.

शेवटी ठरलं ते एवढंच : सीट कव्हर, हौद्यात तळाला जाड रबरी मॅट, मडफ्लॅप, ताडपत्रीचे हूक, मागं बघायला कॅमेरा, आणि नियमानं लागते ती चमकती पट्टी, पुढं पांढरी, मागं लाल. गाडी टेम्पोसारखी दिसू नये म्हणून पैसे खर्चायला आलो होतो आणि पट्टी लावल्यावर ती पूर्ण टेम्पो दिसायला लागली. “आता कसं भारदस्त वाटतंय,” आप्पा म्हणाले.

मी समोर चहा प्यायला गेलो. परत आलो तर केबिनच्या मागच्या काचेवर, भगव्या रेडियममध्ये, महिरपीसकट झळकत होतं : आप्पांचा आशीर्वाद.

“हे कुणी सांगितलं?”

पोरगं गोंधळलं. “तुमच्या वडलांनी.”

“ते माझे वडील नाहीत!”

“मग सकाळपासनं सगळं तेच सांगालेत की.”

दुकानदार म्हणाला, काढून देतो, पण चिकटा राहील, अन् केलेल्या कामाचे पैसे द्यावे लागतील. आप्पा म्हणाले, “राहू द्या ओ. मोकळ्या काचंला नजर लागती.” माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणत होतो. त्यांच्या हयातीत मी सायकलवर होतो, आणि आता माझ्या पहिल्या मोठ्या गाडीवर एका परक्या माणसाचा आशीर्वाद आहे. बिलात त्याची वेगळी ओळ आहे, ‘रेडियम’ अशी.

बिल देऊन वळलो तर दोन पोरं हौद्यात काहीतरी चढवत होती. लोखंडी कूलर. जुना, भला मोठा, खाली गंजका स्टँड. शेजारच्या भंगारवजा दुकानातून आप्पांनी तो सकाळी घेतला होता आणि रिक्षावाले जास्त मागतात म्हणून ते गाडीची वाट बघत बसले होते. म्हणजे माझी. स्टँडच्या एका पायाला बूच नव्हतं. त्यानं नव्या कोऱ्या रबरी मॅटवर चर्रकन एक रेघ ओढली. मी “अहो, अहो” म्हणेपर्यंत आप्पा पुढच्या सीटवर बसलेसुद्धा. सीट कव्हरचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं.

“कुठं निघालाव?”

“घरी. जुळे सोलापूर.”

“मग सैफुलपतोर चला. वाटंवरच हाय.”

सैफुल आलं. “थोडं पुढं.” सोरेगाव आलं. राज्य राखीव पोलिसांचा कॅम्प मागं गेला, घरं विरळ झाली, दोन्ही बाजूंना रानं लागली. मी विचारलं, “आप्पा, नेमकं कुठं?” ते म्हणाले, “हत्तूर. आता आलंच.” वाटेत ते गाडीविषयी बोलत राहिले. त्यांच्या मते इंजिन चांगलं आहे, क्लच मी चुकीचा दाबतो, आणि कर्जावर गाडी घेणारा माणूस कधी सुखी झालेला त्यांनी बघितला नाही. एकदा पिशवीतून भाकरी काढून मला अर्धी मोडूनही दिली. ती मी खाल्ली. भूक लागली होती. तिचा चुरा नव्या सीट कव्हरवर पडला, तोही माझाच.

हत्तूरला घरापुढं कूलर उतरला. उतरवताना तिसरा हात मीच होतो. आतून एका बाईचा आवाज आला, “आप्पा, टेम्पोवाल्याला चहा टाकू का?”

“नको, त्येला गडबड हाय. दुसरं भाडं असंल.”

मग त्यांनी कनवटीची पुरचुंडी सोडली. मी दोन्ही हात नकारार्थी हलवले, “अहो नको, मी काही तसा...” आप्पांनी हात वर करून मला गप्प केलं. “असं कसं? कष्टाचं हाय. सैफुलपतोर असतं तर चाळीसच दिलं असतं. पुढं आलाव, म्हणून दहा वाढीव.” आणि पन्नासची नोट माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली. मी गाडी मागं घेताना त्यांनी स्वतः उभं राहून “येऊ द्या, येऊ द्या, बास!” केलं. माझ्याकडे कॅमेरा होता. मी त्यांच्या हाताकडे बघून गाडी वळवली.

घरी हे सांगितलं तर बायकोनं एवढंच विचारलं, “पन्नासच? डिझेल तरी निघालं का?” नव्वदीच्या डिझेलमध्ये पन्नास रुपयांत अर्ध्या लिटरच्या जरा वर येतं. हत्तूरला जाऊन यायला त्याहून जास्त लागतं. म्हणजे धंदा म्हणून बघितलं तरी तोटाच.

आणि आप्पा तर परके होते. सोसायटीतले लोक काय कमी आहेत? आमच्याकडे उजनीत पाणी असो नसो, नळ रोज येत नाही. त्यामुळे जो तो टाकीवर टाकी घेतो आणि प्रत्येक टाकी आणायला हौदा लागतो. पूर्वी माझ्याशी जिन्यात न बोलणारे लोक आता “काय म्हणतोय कारखाना?” असं प्रेमानं विचारतात आणि तिसऱ्या वाक्याला हजार लिटरवर येतात. बरं, गाडी मागायची तर मागा, पण ती धुऊन द्या. एकानं विटा आणल्या आणि हौद्यात लाल माती तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पांढरे टॉवेल भरायचे होते. त्याला सांगितलं तर म्हणाला, मालाच्या गाडीला एवढं काय? आमच्या चेअरमननी बोर्ड लावलाय, ‘मालवाहू वाहने आवारात उभी करू नयेत’. तो बोर्ड आमच्या गेटपर्यंत माझ्याच हौद्यातून आला. त्याचं भाडं मात्र कुणी दिलं नाही. चेअरमनपेक्षा आप्पा परवडले.

गाडी आता रात्री रस्त्यावर कडुलिंबाखाली उभी असते. सकाळी काचेवर पाखरांची शिट आणि मागं आप्पांचा आशीर्वाद. हौद्यावर झाकायला ताडपत्री तरी शिवून घ्यावी म्हणून काल ताडपत्रीवाल्याला फोन केला. कापड, जाडी, कडेच्या रिंगा, सगळं ठरलं. भावही बरा सांगितला. मी म्हणालो, माप घ्यायला गाडी कधी आणू?

“उद्या आणा की,” तो म्हणाला. “अन् येताना तेवढं ट्रान्सपोर्टवरनं या. आमचा कापडाचा गठ्ठा पडलाय तिथं. तुम्ही तसंही रिकामेच येणार.”