खाऊनपिऊन सुखी आहे की!

सकाळी फॅमिली ग्रुपवर मावसभावाने फ्लोरिडाहून, तिथल्या सागरी पार्कातला व्हिडिओ टाकला. निळंशार पाणी, कानठळ्या बसवणारं म्युझिक, आणि एक भलाथोरला काळा-पांढरा ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, पाण्यातून उसळतो नि धाडकन आपटतो. पुढच्या रांगेतली पोरं चिंब भिजून किंचाळतात. झालं, ग्रुपवर बदामांचा पाऊस.

मी लिहिलं, ‘बिचारा.’ बस, एवढंच. त्यावर आमच्या एका काकांचं उत्तर: ‘बिचारा कशानं? आयते मासे मिळतेत, दिमतीला डॉक्टर हायेत, थंडगार पाण्यात ऱ्हातंय. खाऊनपिऊन सुखी आहे की! आपल्या नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, तू त्याचं काय घेऊन बसलीस?’ खाली हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. आणि एका वहिनीचं, ‘ताई, एंजॉय करू दे की त्यांना.’

पाण्याचं काकांचं बरोबर आहे, तेवढं मान्य. बाकीचं डोक्यात गेलं. ग्रुपवर भांडले असते तर दिवाळीपर्यंत ऐकून घ्यावं लागलं असतं, म्हणून इथे लिहितेय. इथे आहात ती माझी माणसं आहात. मुक्या जनावराला दुखतं हे तुम्हाला पटवून द्यावं लागत नाही.

तो व्हिडिओ परत बघा, म्हणजे तुमच्या कुणाच्या ग्रुपवर असलाच काही येईल तेव्हा. उडीकडे बघू नका, पाठीवरच्या पराकडे बघा. समुद्रात वाढलेल्या नराचा तो पर माणसापेक्षा उंच आणि ताठ उभा असतो. पार्कातल्या मोठ्या नरांचा जवळजवळ हमखास एका कुशीला लोळलेला. या व्हिडिओतही तसाच. वरून ‘हॅपी’ म्हणून गाणं वाजतंय!

‘सुखी आहे की’ हे वाक्य मी लहानपणी एकदा ऐकलंय. आम्ही सोलापुरात शुक्रवार पेठेत राहायचो. तेव्हा गवळीमामा म्हैस घेऊनच दारात यायचे, समोर धार काढून द्यायचे, म्हणजे पाणी घातल्याचा संशय नको. पंढरपुरी म्हैस, शिंगं पार खांद्यांच्या मागे गेलेली. चरवी घेऊन उभं राहायचं काम माझं. एका पावसाळ्यात तिचं रेडकू मेलं आणि तिने पान्हा चोरला. आंबोण ठेवून झालं, सडांना तेल लावून झालं, कासेवर कोमट पाणी मारून झालं, पण थेंब नाही. मग एक दिवस मामा सायकलच्या कॅरियरला काहीतरी बांधून आले. त्याच रेडकाचं कातडं होतं. आत भुसकाट ठासून सुतळीने शिवलेलं, डोळ्यांच्या जागी नुसती भोकं, वर माश्या, नि मीठ लावलेल्या चामड्याचा तो वास. मामांनी ते तिच्या तोंडापुढे धरलं. तिने हुंगलं, बराच वेळ हुंगलं, आणि चाटायला लागली. चाटून चाटून एका जागचे केस ओले होऊन बसले. इकडे चरवीत धार वाजायला लागली. मामा म्हणाले, ‘बघ, कशी सुखात आली!’

मामा वाईट नव्हते. त्यांचं पोट होतं त्या म्हशीवर. पण सुखात?

दूध दिलं म्हणजे सुखात, आणि उडी मारली म्हणजेही सुखात! उडी मारली की मासा मिळतो हो. भुकेल्या जनावराकडून काहीही करून घेता येतं, त्याला कला म्हणा नाहीतर शिक्षण म्हणा.

त्याच फ्लोरिडात तिलिकम नावाचा ऑर्का होता. १९८३ मध्ये आइसलँडजवळ पकडला तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. ऑर्कांच्या काही कळपांत मुलगे जन्मभर आईला सोडत नाहीत, अगदी थोराड, तीस वर्षांचे झाले तरी. म्हातारी आई गेली की असे मोठे मुलगेसुद्धा लवकर मरतात, हे अभ्यासातून पुढे आलंय. आणि यांनी दोन वर्षांचं लेकरू उचललं. आधी कॅनडात, मग १९९२ पासून ऑरलँडोच्या सी वर्ल्डमध्ये. १९९१, १९९९ आणि २०१०, असे तीन माणसांचे मृत्यू त्याच्या नावाशी जोडले गेले. मोकळ्या समुद्रातल्या ऑर्काने माणूस मारल्याची एक नोंद नाही. तरी २०१७ च्या जानेवारीत तो मेला तो टाकीतच. आता सांगा काका, त्याला डॉक्टर नव्हते का?

(हो, २०१६ मध्ये सी वर्ल्डने ऑर्कांची पैदास बंद करत असल्याचं जाहीर केलं. चांगलं केलं. पण लोकांनी तिकिटं काढायचं कमी केल्यावर.)

सगळ्यात जास्त कशाने डोकं फिरतं सांगू? वॉशिंग्टन राज्यातली पेन कोव्ह नावाची खाडी, ८ ऑगस्ट १९७०. पार्कांना ऑर्का विकणाऱ्यांनी बोटी आणल्या, वरून विमान, पाण्यात स्फोटकं फोडली, आणि ऐंशीच्या वर ऑर्का हाकत हाकत जाळ्यात आणले. मोठ्यांशी काही घेणंदेणं नव्हतं, ती ट्रकात मावत नाहीत. पोरं हवी होती. जाळ्याच्या आत पोरं, बाहेर आया. आयांना जायला वाट मोकळी होती, त्या गेल्या नाहीत, तिथेच ओरडत राहिल्या. सात पिल्लं विकली गेली. काही जाळ्यात गुदमरून मेली, तर त्यांची पोटं चिरून आत दगड भरले, वजनं बांधली आणि बुडवली, कुणाला कळू नये म्हणून. काही महिन्यांनी ती किनाऱ्याला लागली तेव्हा बोभाटा झाला.

पोटात दगड भरले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती सुतळीची शिवण दिसली. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्या सातांतली एक मायामीला गेली. तिकडे आधी तिचं नाव तोकिताए ठेवलं, मग शोसाठी लोलिता केलं. ८० फूट लांब, ३५ फूट रुंद आणि जास्तीत जास्त २० फूट खोल टाकी. ती स्वतः २० फुटांची. सुरुवातीला सोबतीला ह्यूगो नावाचा नर होता, तिच्याच समुद्रातला. तो भिंतीवर डोकं आपटायचा. १९८० मध्ये मेला. त्यानंतर ही तिच्या जातीतली एकटीच, चाळीस वर्षांहून जास्त. रोज शो, रोज मासे. खाऊनपिऊन सुखी! २०२३ च्या मार्चमध्ये जाहीर झालं की तिला तिच्या समुद्रात परत नेणार. पण त्याआधीच, ऑगस्टमध्ये, ती टाकीतच मेली. तिच्या समुद्राकाठचे लमी आदिवासी तिला आपल्या नात्यातली मानतात, त्यांनी तिची रक्षा नेऊन तिच्या पाण्यात सोडली. तिची आई असावी असं मानतात ती एल-२५ नावाची म्हातारी मादी तेव्हाही त्याच समुद्रात फिरत होती.

इथे जरा थांबले होते. पाणी पिऊन आले.

मावसभावावर माझा राग नाही, खरंच. त्याची पोरगी सात वर्षांची आहे, तिला एवढा मोठा जीव जवळून बघून भरून आलं असेल. मलाही त्या वयात आलं असतं. होम मैदानावर सर्कस लागली की हत्ती बघायला मी तंबूच्या मागे जाऊन उभी राहायचेच ना. आणि हेही खरं, की साठच्या दशकाआधी लोक ऑर्काला घाबरायचे, तो दिसला की मासेमार गोळ्या घालायचे. पार्कात जवळून बघितल्यावर त्यांच्याबद्दल माया वाटायला लागली. बरं, मानलं. पण माया वाटायला लागून पन्नास वर्षं झाली की! आता सोडा.

‘सोडलं तर जगत नाहीत’ हे येणारच, म्हणून आधीच लिहिते. केइको. हॉलिवूडच्या सिनेमात झळकलेला, मेक्सिकोतल्या टाकीत आजारी पडलेला. लोकांनी पैसे जमवले, १९९८ मध्ये त्याला आइसलँडला नेलं, पुढे तो पोहत नॉर्वेपर्यंत गेला आणि २००३ मध्ये न्यूमोनियाने मेला. त्याला शेवटपर्यंत कळप मिळाला नाही, माणसांजवळच घुटमळायचा. मग यातून काय ठरतं? लहानपणीच आईपासून तोडला की पुन्हा जोडता येत नाही, हेच ना! उलट स्प्रिंगर बघा. २००२ मध्ये सिएटलजवळ एकटीच भटकणारी पोरकी पिल्लू. पकडली, काही आठवडे खायला घालून सुधारली, आणि शो करायला न ठेवता कॅनडात तिच्या नातलगांच्या पाण्यात नेऊन सोडली. कळपाने घेतली तिला. पुढे तिला स्वतःची पिल्लं झाली.

आणि समुद्रातल्यांचं सगळं आलबेल आहे असं कोण म्हणतंय? तोकिताएच्या कळपांत आता पाऊणशेच्या आसपासच उरलेत. ते खातात चिनूक सॅमन, आणि नद्यांवर धरणं बांधून, नको तितकी मासेमारी करून आपण ते संपवत आणलेत. जहाजांच्या घरघरीत त्यांना शिकारीचा अंदाज लागत नाही. पूर्वी ओतलेली रसायनं चरबीत साठतात आणि आईच्या दुधातून पिल्लाच्या पोटात जातात. २०१८ मध्ये त्यातल्याच ताहलेक्वाह नावाच्या मादीचं पिल्लू जन्मल्यावर अर्ध्या तासात मेलं. तिने ते नाकावर तोललं आणि सोडेचना. सतरा दिवस, सोळाशे किलोमीटर. घसरलं की बुडी मारून परत वर आणायची. सगळं जग तेव्हा हळहळलं, मीही हळहळले, मग आपापल्या कामाला लागलो. २०२४ च्या शेवटी तिला पुन्हा मुलगी झाली, तीही गेली, आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ही बाई पुन्हा मेलेलं पिल्लू घेऊन पोहताना दिसली.

आमची म्हैस निदान चाटून तरी फसली. हिला फसवायलाही कुणी नव्हतं.

‘मग तू चहा कसा पितेस?’ असंही कुणी विचारेल. पिते. दुधाचाच पिते. त्यासाठी मला खुशाल बोला. पण एका ठिकाणी आपण चुकतो म्हणून दुसऱ्या ठिकाणी टाळ्या वाजवायच्या, हा कुठला हिशेब?

आपल्या देशाने एक गोष्ट चांगली केली. चेन्नईजवळ आणलेले डॉल्फिन काही महिन्यांत मेले होते, तरी अशा पार्कांच्या योजना निघतच होत्या. २०१३ मध्ये केंद्राने डॉल्फिनेरियमला नाही म्हटलं. ऑर्का म्हणजे डॉल्फिनच्याच कुळातला सगळ्यात मोठा, तोही त्यात आला. आपल्या सिंधुदुर्गात तोंडवळी-वायंगणीला सी वर्ल्ड आणायचं घाटत होतं, आठवतंय? गावकरी जमिनीसाठी उभे राहिले. जमिनीसाठी का होईना, उभे राहिले.

आणि फ्रान्स. तिथे २०२१ मध्ये अशा खेळांवर बंदीचा कायदा झाला, त्यामुळे अँटिबचं मरीनलँड हे पार्क २०२५ च्या जानेवारीत बंद झालं. आत दोन ऑर्का राहिले, विकी आणि केइजो. आई आणि मुलगा. विकी २००१ ची, केइजो २०१३ चा, दोघंही टाकीतच जन्मलेले. तिचा थोरला, मोआना, २०२३ मध्ये तिथेच गेला. स्पेनच्या पार्कात पाठवायचं चाललं होतं, तर तिथल्या तज्ज्ञांनीच टाक्या लहान आहेत म्हणून नकार दिला. त्यांना मोकळ्या समुद्रात सोडा असं मीसुद्धा म्हणणार नाही, शिकार कशी करायची हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. जाळी लावलेली एखादी खाडी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर नाइलाजाने दुसरी टाकी. पण जिथे न्याल तिथे दोघांना एकत्र न्या. एकाला इकडे, एकाला तिकडे असं करू नका. सह्यांची मोहीम दिसली की मी सही करते, तुम्हीही करा.